जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण फवारूनही परत येतो तेव्हा

शनिवारी संध्याकाळी फवारलं. रविवारी पांढरं काही दिसेना, बरं वाटलं. पुढच्या शनिवारी कळ्यांच्या देठाशी पुन्हा तोच कापूस. पुन्हा फवारलं, या वेळी जरा दाट. दहा दिवसांनी परत. मग कोणीतरी सांगतं, "हे मिळमिळीत औषध आहे, शेतकरी वापरतात ते आणा," आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपाशीवर मारायचं औषध येऊन पोहोचतं.

पुण्यात माझ्या स्वतःच्या गच्चीवर आणि ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे चक्र बघत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. मिलीबग, म्हणजेच हा पिठ्या ढेकूण, परत येतो तो बहुतेक वेळा औषध सौम्य होतं म्हणून येत नाही. तो जिथे लपलाय तिथे औषध पोहोचलेलं नसतं, त्याची अंडी शाबूत असतात, मुंग्या त्याला सांभाळत असतात आणि त्याला खाणारे किडे आपणच मारून टाकलेले असतात. यातलं एकही कारण डोस वाढवून दूर होत नाही. वाढतं ते फक्त घरातलं विष.

आधी तो तोच आहे ना, हे बघा

झाडावर पांढरं दिसलं की सगळे मिलीबग म्हणतात. पान उलटं करून उन्हात धरा. शेंड्यावर, कळीच्या देठाशी, पानाच्या बेचक्यात पिठात घोळल्यासारखे मऊ, लंबगोल किडे असतील, बोटाने दाबल्यावर ओलसर डाग उमटत असेल, तर तो पिठ्या ढेकूणच. पानाच्या खाली पांढऱ्या पावडरीने गोल गोल जिलबीसारख्या रेघा काढलेल्या दिसल्या तर ती चक्राकार पांढरी माशी. ती २०१६ च्या सुमारास दक्षिणेत नारळावर पहिल्यांदा दिसली आणि आता कोकणात, गोव्यात नारळ-पेरूवर सर्रास असते. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली कोळ्यासारखं विरळ जाळं आणि पांढऱ्या कागदावर पान झटकल्यावर चालणारे तांबडे कण दिसले तर तो लाल कोळी.

लाल कोळ्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण इथे फसवणूक फार होते. तो कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात. मावा-तुडतुड्यांची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि तो दुपटीने वाढतो. त्याला सगळ्यात जास्त नको असतं ते पाणी. पानांच्या खालच्या बाजूने चार-पाच दिवस रोज पाइपाने फवारा मारला की निम्मं काम होतं.

औषध मारूनही तो वाचतो कसा

पिठ्या ढेकणाच्या अंगावरचं पीठ म्हणजे मेण. अळवाच्या पानावर पाणी टाकलं की ते मोत्यासारखं घरंगळतं ना, तसंच साधं औषध त्याच्या पाठीवरून घरंगळतं. मादी कापसासारख्या पिशवीत काहीशे अंडी घालते, आणि त्या पिशवीच्या आत तर बहुतेक औषधं जातच नाहीत. आज तुम्ही वरची माणसं मारलीत तरी खालच्या मजल्यावर पाळणाघर चालूच आहे. आठवडा-दहा दिवसांत त्यातून पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं रांगत बाहेर येतात. या पिल्लांच्या अंगावर मेण नसतं. मारायची वेळ ती. म्हणून एकदाच जोरदार मारलेली फवारणी फुकट जाते आणि सात दिवसांच्या अंतराने केलेल्या तीन हलक्या फवारण्या काम करतात.

तरीही येत असेल तर कुंडीकडे बघा. कुंडी हळूच आडवी करा, तळाच्या भोकाशी आणि मातीच्या गोळ्याच्या कडेने मुळांवर खडूची भुकटी लागल्यासारखं पांढरं दिसतंय का? मुळांवरही मिलीबग राहतो. वर कितीही फवारा, खालून परत येतो. अशा वेळी माती बदलावी लागते, मुळं पाण्याखाली धुवून नव्या मातीत लावावी लागतात, जुनी माती उन्हात पातळ पसरून तापवावी लागते.

आणखी एक कारण लोकांना पटत नाही, पण पटवून घ्या. फुलं कमी आली म्हणून आपण युरिया किंवा डीएपी घालतो. झाड लुसलुशीत, रसरशीत कोंब काढतं. रस शोषणाऱ्या किडीला याहून चांगली पंगत नाही. कीड असेल तेव्हा असं नत्राचं खत बंद ठेवा.

मुंग्या सोडल्या तर सगळं व्यर्थ

मिलीबग रस पितो आणि साखरेसारखा चिकटा बाहेर टाकतो. याच चिकट्यावर पुढे काळी काजळी चढते, पानं काळवंडतात. मुंग्यांना तो चिकटा हवा असतो. त्या मिलीबगला शत्रूंपासून राखतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात, पिल्लांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात. गवळी गाय राखतो तसं. जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर फवारणीचा विचारही करू नका, आधी रांग तोडा.

मी करते ते असं. झाडाची जी फांदी भिंतीला, ग्रिलला किंवा दुसऱ्या कुंडीला टेकलेली असेल ती छाटते, म्हणजे मुंग्यांना चढायला खोड हा एकच रस्ता उरतो. खोडाला कागदी चिकटपट्टीचा चार बोटं रुंद पट्टा गुंडाळते आणि त्या पट्ट्यावर ग्रीस लावते. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. पट्टा पंधरा दिवसांनी बदलते. कुंडी लहान असेल तर थाळीत पाणी घालून मधे विटेवर कुंडी ठेवते. मात्र या थाळीत डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला एवढं पाणी पुरतं. म्हणून पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि दर चार दिवसांनी थाळी घासून पाणी बदला.

कुंडीतच वारूळ असेल तर आमिष करा. शंभर मिली साखरेच्या पाण्यात एक ग्रॅम बोरिक पावडर, तीच जी कॅरमवर टाकतात. याहून जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतात, वारुळापर्यंत नेतच नाहीत. कापूस त्यात भिजवून झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत ठेवा, डबीवर 'विष' असं ठळक लिहा आणि मूल किंवा मांजर पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. आठवडाभरात रांग विरळ होते.

ज्यांना आपण चुकून मारतो

मागे एकदा जास्वंदीवर मला मिलीबगपेक्षा मोठा, झिपऱ्या-झिपऱ्या असलेला पांढरा किडा दिसला. मी तो चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकला. असे सात-आठ टाकले. नंतर कळलं की ती मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची, म्हणजे आपण लेडीबग म्हणतो त्याच्या एका जातीची अळी होती. क्रिप्टोलिमस हे तिचं नाव. ही जात १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणली गेली. शिकार करायला सोपं जावं म्हणून ती आपल्या भक्ष्यासारखीच दिसते. ओळख अशी: मिलीबग जवळजवळ जागचा हलत नाही, आणि हलला तरी रेंगाळत. ही अळी काडीने डिवचली की भराभर चालते, मिलीबगपेक्षा लांब असते आणि तिच्या अंगावरची मेणाच्या झिपऱ्या लांब लांब लोंबतात.

दुसरी खूण आणखी बारीक आहे. मिलीबगच्या घोळक्यात काही किडे तपकिरी, फुगीर, कडक झालेले दिसतात, बाजरीच्या दाण्यासारखे. एखाद्याला गोल भोक पडलेलं असतं. ते मेलेले मिलीबग. त्यांच्या आत एका बारीक गांधीलमाशीने अंडं घातलं, तिची अळी आतून त्यांना खाऊन मोठी झाली आणि भोक पाडून उडून गेली. ही माशी डोळ्यांना चिलटाएवढीही दिसत नाही. २००८ मध्ये पपईवरचा मिलीबग तमिळनाडूत दिसला आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. पपईबरोबर जास्वंदीवरही तो बसायचा. औषधांनी तो आटोक्यात येईना. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून अशीच एक बारीक गांधीलमाशी आणून सोडली, आणि ती पसरली तिथे बागा सावरल्या.

म्हणून तपकिरी दाणे दिसले की माझा हात थांबतो. त्या फांदीवर मी काहीच मारत नाही, फक्त मुंग्या रोखते आणि दोन आठवडे वाट बघते. जालीम औषधाने ही माशी आधी मरते, कारण तिच्या अंगावर मेण नाही आणि लपायला पिशवी नाही. राखणदार गेला की पुढची पिढी बिनधास्त वाढते. 'औषध मारल्यावर उलट जास्त झालं' असं लोक म्हणतात, ते खरंच असतं.

मी कोणत्या क्रमाने जाते

पहिल्या दिवशी कात्री. जे शेंडे पांढरे, आखडलेले, वाकडे झालेत ते कापून थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून दोन दिवस कडक उन्हात. कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, खालच्या मजल्यावर तर मुळीच झटकायचं नाही. जास्वंदीला छाटणी मानवते, महिनाभरात दुप्पट फुटवे येतात.

मग पाणी. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून खालून वर जोराचा फवारा. कुंडीतली माती प्लॅस्टिकने झाकून घ्या. यात निम्म्याहून जास्त किडे गळून पडतात. फार थोडे असतील, दहा-वीस, तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेली कानातली काडी एकेकावर टेकवा. पीठ क्षणात विरघळतं आणि खालचा गुलाबी किडा उघडा पडतो. स्पिरिट पेट घेतं, तुळशीसमोर दिवा लावलेला असताना हे करू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, झाडाला आधी पाणी घालून, साबण आणि कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाणी, त्यात एक ते दोन मिली सौम्य द्रवरूप साबण नीट ढवळून घ्या, मग पाच मिली शुद्ध, थंड पद्धतीने काढलेलं कडुनिंबाचं तेल थेंब थेंब घालत ढवळा. उलट क्रमाने केलंत तर तेल वर तरंगतं आणि नळी तुंबते, शिवाय जिथे नुसतं तेल पडतं तिथे पान जळतं. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा पानांच्या कडा करपवतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबण फाटतो, पांढरी साय धरते. ते द्रावण टाकून द्या आणि फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. कितीतरी जणांचं कडुनिंबाचं तेल 'चालत नाही' ते या पाण्यामुळे.

बाजारात निंबोळीचं तयार औषध मिळतं, त्यावर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असे आकडे असतात. तो अझाडिरेक्टिन या घटकाचा जोर. तिघांचा डोस वेगळा असतो, त्यामुळे शेजारणीने सांगितलेला डोस आपल्या बाटलीला लागू होईलच असं नाही. लेबलावरचाच घ्या. उन्हात हा घटक लवकर नासतो, म्हणून फवारणी संध्याकाळची. आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा, पान करपलं नाही तर बाकी झाडावर.

मग या फवारणीपासून सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, दोन्ही वेळी पुन्हा हेच. दुसऱ्या फवारणीपर्यंत झाड स्वच्छ दिसतं आणि तिसरी टाळावीशी वाटते. टाळू नका. पिशवीतली शेवटची पिल्लं तेव्हाच बाहेर पडत असतात.

पावसाळ्यात हवा दमट असली की व्हर्टिसिलियमसारखी मित्रबुरशी चांगली चालते. कृषी विज्ञान केंद्रांत, कृषी महाविद्यालयांत किंवा चांगल्या कृषी सेवा केंद्रात मिळते. ती जिवंत असते, तेव्हा तारीख बघून घ्या आणि तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक मारू नका. फेब्रुवारी ते मे या कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा मिलीबग सगळ्यात जास्त फोफावतो, तेव्हा मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका.

रासायनिक औषधापर्यंत गोष्ट आली तर

दहापैकी नऊ वेळा येत नाही. आलीच तर आधी त्या झाडाचा उपयोग काय ते बघा. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मिरची, टोमॅटो यांच्यावर आंतरप्रवाही औषध मारायचं नाही. आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या रसात शिरणारं. ते धुऊन जात नाही, कारण ते पानाच्या आत असतं. सकाळी देवाला वाहिलेल्या तुळशीचं एक पान तोंडात टाकणारी माणसं आपल्या घरात आहेत. फुलांच्या झाडावरही कळ्या-फुलं असताना नाही, कारण ते मधातही उतरतं, आणि जास्वंदीवर मधमाशी येते, शिंजीर येतो. इमिडाक्लोप्रिड या अशाच आंतरप्रवाही औषधाला आणि त्याच्या दोन भावंडांना युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावर वापरायला बंदी केली, ती मधमाश्यांसाठीच.

लेबलावर एक चौकट असते, तिच्यात रंगीत त्रिकोण. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे, त्यानुसार हा रंग ठरतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि हाडं असतात. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. घरच्या बागेत लाल आणि पिवळा आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिरवा म्हणजेही 'प्यायला चालेल' असं नव्हे, तेवढाच कमी धोका. लेबल फाटलेली, सुटी, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेली औषधं कितीही स्वस्त असोत, घेऊ नका.

फडताळात जुन्या बाटल्या असतील तर नावं वाचा. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट या दोन्हींवर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी खाटेतल्या ढेकणांसाठी म्हणून आणलेली डायक्लोरव्हॉसची अर्धी बाटली अजून अनेक घरांत निघते. घरातल्या झुरळांचा डब्यातला स्प्रेही झाडावर मारू नका. त्यातल्या द्रवाने पानं भाजतात, आणि तो झाडासाठी बनवलेलाच नाही.

आता डोस. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी मला त्यांची बाटली दाखवली होती. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के. "एक झाकण टाकते गं लिटरला," असं म्हणाल्या. मी औषधाच्या सिरिंजने त्या झाकणात पाणी भरून मोजलं, आठ मिली झालं. या औषधाचा डोस लिटरला अर्धा मिली किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे काकू निदान सोळापट मारत होत्या, आणि त्याच बाल्कनीत त्यांची नात खेळत होती. मिलीबग तरीही होताच, कारण मुंग्यांची रांग ग्रिलवरून येत होती. त्या दिवशी त्यांना मी एक मिलीची, सुई काढलेली सिरिंज दिली. तुम्हीही केमिस्टकडून आणा, तिच्यावर चिकटपट्टी लावून 'फक्त औषधाची' असं लिहा. झाकणाने, चमच्याने, अंदाजाने कधीच नाही.

बाल्कनीत फवारताना

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती माणसं रोजच्या सवयीची, उघड्या रानात काम करणारी होती. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगाशी संरक्षण काही नाही, आणि औषध श्वासातून, कातडीतून आत गेलं. आपली बाल्कनी तीन बाजूंनी बंद, हवा कोंडलेली, आणि झाड नेमकं चेहऱ्याच्या उंचीवर. इथे जास्त जपायचं.

वारा नसताना, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना. वारा असेलच तर पाठीवर घ्या, तोंडावर नाही. वाळत घातलेले कपडे आत घ्या, खालच्या मजल्यावर आधी सांगा, त्यांचेही कपडे असतात. घराच्या खिडक्या आणि एसी बंद. पाळीव मांजर आत कोंडून ठेवा. पायरेथ्रॉइड गटातली, परमेथ्रिनसारखी औषधं मांजराचं शरीर पचवू शकत नाही आणि तिला झटके येतात. माशांची टाकी जवळ असेल तर झाका आणि तिचा हवेचा पंप बंद करा, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. पक्ष्यांचं पाण्याचं भांडं उचलायला विसरू नका, हे मी स्वतः दोनदा विसरले आहे.

पूर्ण बाह्या, पायात बंद चप्पल, हातात रबरी किंवा नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. साधा कापडी मास्क भिजला की उलट औषध नाकाशी धरून ठेवतो. रासायनिक औषधासाठी वाफ अडवणाऱ्या गाळणीचा मास्क लागतो. तो नसेल तर ते औषध मारूच नका, हे मी अगदी मनापासून सांगते. डोक्याच्या वर फवारू नका, थेंब तोंडावर येतात. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. जुना दात घासायचा ब्रश त्यासाठीच ठेवा. पानाच्या खालच्या बाजूने, थेंब ओघळायच्या आत थांबा. ओघळलं ते फरशीवर गेलं, म्हणजे वायाही गेलं आणि पायालाही लागलं.

झाल्यावर कपडे वेगळे धुवा, अंघोळ करा, मगच चहा. झाडावरचं औषध पूर्ण वाळेपर्यंत मुलं बाल्कनीत नाहीत. भाजीवर मारलं असेल तर लेबलावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, तितके दिवस थांबा.

लॉन असेल तर

बंगल्याच्या हिरवळीवर लोक सरसकट फवारतात, ते टाळा. ठिगळासारखं पिवळं पडलेलं गवत हाताने ओढून बघा. गालिचा सुटावा तसं सुटून आलं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर मे-जूनमध्ये संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर बसतात. ते दिवे लावून किंवा फांद्या हलवून गोळा करता येतात, आणि तेवढ्यानेच पुढच्या वर्षीची अळी घटते. अळीसाठी मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत घालतात. अळी दिसली नाही तर कारण बहुतेक पाणी किंवा बुरशी असते, कीटकनाशकाचा उपयोग नाही.

लॉनवर तणनाशक मारलेला पंप झाडांवर वापरू नका, कितीही धुतला तरी. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश उरतो आणि गुलाब, टोमॅटो, जास्वंदीची नवी पानं चाबकाच्या दोरीसारखी लांबट, वळलेली येतात. लोक त्याला विषाणू समजून आणखी औषध मारतात. दोन पंप ठेवा, वेगळ्या रंगाचे.

त्रास जाणवला तर

फवारताना किंवा नंतर डोकं गरगरणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, अंधुक दिसणं, छातीत आवळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर काम थांबवा, मोकळ्या हवेत या. अंगावरचे कपडे लगेच उतरवा, कातडी साबणाने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा, घड्याळ लावून. कोणाच्या पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, दूध-तूप-लिंबू पाजू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. दवाखान्यात जाताना बाटली लेबलासकट बरोबर न्या. उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टर त्यावरून ठरवतात, आणि सगळ्या विषांचा उतारा एक नसतो.

उरलेलं

लागेल तेवढंच द्रावण बनवा. पाच कुंड्यांना अर्धा लिटर पुरतं. तरी उरलं तर त्याच झाडांवर परत हलकं फिरवा, मोरीत ओतू नका. पंप तीनदा धुवा आणि ते पाणीही झाडांवरच. रिकामी बाटलीही तीनदा विसळून, भोक पाडून, वेगळी बांधून, 'कीटकनाशकाची बाटली' अशी चिठ्ठी लावून घातक घरगुती कचऱ्यात द्या. मीठ-साखर ठेवायला तिचा उपयोग करू नका. औषध मूळ बाटलीतच, कुलपात, स्वयंपाकघरापासून लांब. थंड पेयाच्या बाटलीत उरलेलं औषध ठेवणं हे सगळ्यात वाईट, कारण लहान मूल बाटलीचा आकार ओळखतं, त्यावरची चिठ्ठी वाचत नाही.

काकूंच्या जास्वंदीचं सांगायचं राहिलं. ग्रिलला टेकलेली फांदी कापली, खोडाला पट्टा बांधला, सात-सात दिवसांनी तीनदा साबण-कडुनिंब मारलं. तिसऱ्या फवारणीनंतर नऊ दिवसांनी मी भिंग घेऊन बघायला गेले. बेचक्यांत दोन-तीन मिलीबग होते, आणि त्यांच्याशेजारी पाच तपकिरी दाणे, त्यातल्या दोघांना भोक पडलेलं. इमिडाक्लोप्रिडची बाटली त्यांच्या जावयाने कुलपात ठेवली आहे.